माणशी चार ओंजळी

हुर्जूकचाचांनी दार वाजवलं नाही.
पोतं उंबऱ्याशी टेकवलं
आणि मी पडद्याआडून बघतेय हे कळूनही
न कळल्यासारखे उतार उतरत गेले,
टोपीवर ब्लॅकबर्नची भुरभुर घेऊन.

दहा किलो तांदूळ. चिठ्ठी नाही.
देणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.
घेणाऱ्याचं असतं, कमिटीच्या वहीत.
यंदा पहिल्यांदा माझं.

गेल्या ईदला ती वही माझ्याच पिशवीत होती.
बिस्किटांची फॅक्टरी तेव्हा चालू होती,
रात्रपाळीला सहा बायका माझ्या हाताखाली,
आणि मी सगळ्यांना बजावायचे,
नावं जरा बारीक लिहा गं, पोरंसोरं वाचतात.

राहिल विचारतो, हे आपल्याला का दिलं?
आफ्रीन सांगते, फित्रा आहे. आपण आता गरीब आहोत ना.
रडू नाही आवाजात.
भूगोलाच्या तासाला राजधानी सांगावी
तसं सांगते.

मी पोत्याचा दोरा उसवते.
बाणकोटला आमची आई पडवीत बसायची,
मांडीशी सूप, समोर तांदळाचा ढीग,
आणि मापाला हात न लावता
दोन्ही हातांनी उचलायची, माणशी चार ओंजळी.
तान्ह्या पोराच्याही चार.
बघ, म्हणायची, घरात एका दिवसाचं, एका रात्रीचं
पोटापुरतं असेल, वर काही उरत असेल,
तर फित्रा तुझ्यावरही आहे.
कालच कुणाकडून घेतलंस, ते कोणी विचारत नाही.

तेव्हा वाटायचं, हा कसला हिशेब.
आज पोत्यात हात घातला
आणि हिशेब कोपरापर्यंत गार लागला.

तीन माणसं. बारा ओंजळी.
राहिलला स्वतःच्या चार स्वतः घालायच्यात.
त्याच्या ओंजळी लहान. म्हटलं, मग सात घाल.
त्याने नऊ घातल्या, आणि चटईवर सांडले ते
एकेक करून वेचले, जीभ बाहेर काढून.

इकडे फोनवर चंद्राचं भांडण.
खालच्या मशिदीची ईद उद्या, आमची परवा,
हलीमाच्या तर एकाच घरात दोन.
त्यात आज रात्री सरकारी घड्याळ तासभर पुढे जाणार.
फित्रा नमाजाच्या आधी पोचला पाहिजे,
पण कुठल्या नमाजाच्या?
मी वाद घालत नाही. मी बूट घालते.

बेकरीवरच्या खोलीत दोन सुदानी पोरं राहतात,
दोघांत एक जाड कोट.
ज्याला बाहेर जायचं असेल तो घालतो.
मला हुर्जूकचाचांसारखं ठेवून निघायचं होतं,
पण जिना करकरला आणि दार उघडलं.
अनवाणी उभा, हातात पळी.
सलाम झाला. पिशवी त्याने दोन्ही हातांनी घेतली,
तोलून पाहिली, आत मित्राला काही बोलला.
मग माझ्या आणि त्याच्या
मोडक्या इंग्रजीच्या सांध्यावर उभा राहून विचारलं,
बहीण, आमचं दोघांचं मी यातून काढतो,
पण इथे आम्ही कोणाला ओळखत नाही.
कोणाला देऊ?

मला वही पाठ आहे.
डोळ्यांपुढे पानं उलटू लागले
तर पहिलं नाव आलं ते माझंच.
हसू आलं मला, मोठ्याने,
आणि का हसतेय हे त्या पोराला
सांगता येईना.
शेवटी म्हटलं, तळमजल्यावर मिसेस रुमाणे,
म्हातारी आहे, ऐकू कमी येतं,
दार जोरात वाजव.

घरी आले. ओव्हनवरचं घड्याळ
अजून जुन्याच तासात होतं.
उरलेल्यातले दोन मापटी तांदूळ
सांदणांसाठी भिजत घातले,
उद्याची असो ईद, नाहीतर परवाची.
चटईच्या विणीत एक दाणा अडकला होता.
राहिलच्या नजरेतून सुटलेला.
तो कोणाच्या वाट्याचा,
ठरेना.